व्यायामाची वर्गणी आणि मधला खंड

(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा तपशील आपणांसमोर ठेवून झाला आहे. आता ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत, तो रुग्णालयाच्या सभेत काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. विषय आहे जिमच्या वर्गणीचा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या बाह्यरुग्ण विभागात “व्यायाम चालू आहे ना?” असे विचारले की अलीकडे एक उत्तर वारंवार कानी पडते: “जिम बदलतोय, पुढच्या महिन्यापासून करतो.” हा पुढचा महिना पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी उजाडतो, आणि तोवर औषधाची मात्रा वाढवावी लागते.

कारणे ऐकली तर रुग्णाला आळशी म्हणवत नाही. वर्षाची रक्कम एकदम भरल्यास सवलत, म्हणून ती भरली जाते. मग शिकवणारा प्रशिक्षक सोडून जातो, चालण्याचे यंत्र बंद पडते ते पडतेच, स्त्रियांसाठी राखून ठेवलेली दुपारची वेळ एके दिवशी रद्द होते. कधी दाराला कुलूपच दिसते. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला तर इथली वर्गणी तिथे चालत नाही. नव्या ठिकाणी पुन्हा प्रवेश शुल्क. जुने पैसे परत मिळेपर्यंत नवे भरायचे नाहीत, असे घरात ठरते. यात हिशेबाची चूक काही नाही, पण शरीर या व्यवहाराला थांबत नाही.

व्यायाम केला की स्नायू रक्तातील साखर अधिक प्रमाणात वापरू लागतात. हा परिणाम साधारणपणे एक ते तीन दिवस टिकतो, पुढे ओसरतो. म्हणूनच मधुमेही व्यक्तीने सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला, तोही आठवड्याच्या मापाने. वर्षाचे पैसे आगाऊ भरता येतात, वर्षाचा व्यायाम आगाऊ करून ठेवता येत नाही. अश्विन पौर्णिमेला सोलापुराहून तुळजापूरपर्यंत पायी येणारे भाविक आपण दरवर्षी पाहतो. भक्तीचा हिशेब निराळा आहे, साखरेचा मात्र दर दोन दिवसांनी नव्याने मांडावा लागतो. (ज्या मधुमेहींच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी चालू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.)

वर्गणीचा हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याचा नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन व्यायामशाळांतील ७,७५२ सभासदांची हजेरी तपासली गेली. मासिक वर्गणी देणारे महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. दहा भेटींचा पास घेतला असता तर प्रत्येक भेटीला दहा डॉलर पडले असते. वर्गणीमुळे तीच भेट त्यांना सतरा डॉलरांहून महाग पडली. माणूस आपल्या उद्याच्या निश्चयावर नको तितका विश्वास ठेवतो, हे त्याचे एक कारण अभ्यासकांनी दिले. आमच्या मते त्याला दुसरी बाजूही आहे. पूर्वीच्या तालमीत पोरगा दोन दिवस आला नाही तर वस्ताद घरी निरोप धाडीत. आगाऊ पैसे घेणाऱ्या जिमला न येणारा सभासद तोट्याचा नसतो. त्याची गैरहजेरी कोणाला खुपत नाही.

म्हणून आम्ही रुग्णांना सांगतो की, पहिले तीन महिने महिन्याचेच पैसे भरा, सवलत गेली तरी चालेल. घरापासून चालत जाता येईल असे ठिकाण निवडा. छापील पावती घ्या आणि तिच्यामागचा मजकूर वाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. सेवेची पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष सेवेचे पैसे पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा होय. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. अर्थात जिम सुरळीत चालू असताना केवळ आपले जाणे थांबले, तर कायदा फारसा उपयोगी पडेल असे समजू नये.

आणि निकाल लागेपर्यंत चालणे थांबवू नये, ही आमची खरी विनंती आहे. दोन वर्गण्यांच्या मधल्या काळात सकाळचे अर्धा तास झपझप चालणे, भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, एवढे घरीही होते. उन्हाळ्यात मात्र हे सूर्य वर येण्याआधी उरकावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व हृदयविकार असणाऱ्यांनी प्रथम आमच्याशी बोलावे. धाराशिवच्या सारिका काळे या २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला लागते ते मैदान, दोन खांब आणि रोज बोलावणारा कोणीतरी.

काही देणगीदारांनी रुग्णालयास व्यायामाची यंत्रे देण्याची इच्छा कळविली आहे. त्यांच्या औदार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, तरीही स्पष्ट बोलतो. यंत्राची देणगी एकदाच येते, दुरुस्तीचा खर्च दरवर्षी येतो, आणि उघड्यावर गंजलेली यंत्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्याऐवजी आवारात सावलीचा, खड्डे नसलेला चालण्याचा मार्ग व्हावा, बसण्यास चार बाके असावीत, आणि आठवड्यातून तीन सकाळी एका भौतिकोपचार तज्ज्ञाचे मानधन निघावे, अशी आमची मागणी आहे. त्या तज्ज्ञाकडे हजेरीची वही राहील. सलग दोन वेळा न आलेल्या रुग्णाच्या घरी त्याच दिवशी दूरध्वनी करणे, हे त्याच्या कामाचेच अंग असेल.