खेळ एक, यंत्रे दोन

व्हिडिओ गेम संगणकासाठी घ्यावा की कन्सोलसाठी, याचा निवाडा करताना ‘सायबरपंक 2077’चा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने 10 डिसेंबर 2020 रोजी प्रसिद्ध केलेला हा खेळ समर्थ संगणकावर बव्हंशी सुसह्यपणे चालत असता, सोनीच्या 2013 सालच्या प्लेस्टेशन 4 या कन्सोलवर मात्र इतका अडखळू लागला की, सुमारे आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातील त्याची विक्री तहकूब करून ग्राहकांस पैसे परत देण्याची तजवीज केली. ती विक्री पुन्हा सुरू झाली जून 2021 मध्ये. दोन्ही यंत्रांतला फरक असा: संगणकाचे भाग बदलता येतात, चित्राची सूक्ष्मता मर्जीनुसार कमीअधिक करता येते. कन्सोलवर खटाटोप कमी, परंतु अखत्यारही कमी. म्हणून खरेदीपूर्वी खेळाच्या कीर्तीपेक्षा आपल्याच यंत्रावरील आवृत्तीविषयीचे अभिप्राय अवश्य पाहावेत.