आखाताची वाट आणि दहावीचा दाखला



2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया आढळल्या. 2001 च्या मानाने जिल्ह्याची लोकसंख्याही ऐंशी हजारांहून अधिक घटली. माणसे गेली कुठे, हे तुम्हांला सांगायला नको. पूर्वी बोटीने मुंबई गाठायची; 1973-74 मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि वाट आखाताकडे वळली. संयुक्त अरब अमिरातीची लोकसंख्या 1975 साली साडेपाच लाखांच्या आसपास होती. आज ती कोटीच्या घरात आहे आणि त्यांत बहुसंख्य परदेशी. तेल त्यांचे, राबणारे हात बाहेरचे!

त्या पैशाने आपल्याकडे स्लॅबची घरे उठली, बहिणींची लग्ने झाली. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण मामू व्हिसा पाठवणार म्हणून मुलाला नववीतूनच काढतात, ते मला पटत नाही. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत तो करतो काय? नाक्यावर बसतो. पुढे दहावी नसल्यामुळे आखातात नोकरीला जाताना 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी काढावी लागते. त्यासाठी एजंटाचे उंबरठे झिजवणे आले. दहावी पास झालेल्याला ही परवानगी लागत नाही.

सोळाव्या वर्षी दहावी, मग आय.टी.आय.चा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स. अठरा पुरी होतातच की! तेवढ्यात व्हिसाही कुठे पळत नाही. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात. गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला हाताशी ठेवा.