संगणक, गरिबी आणि खिडकीवरचा माणूस
(संघटनेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



संगणकाचा विषय निघाला की कामगार चळवळीला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो : १९८० च्या दशकात तुम्ही संगणकाला विरोध केला, आता मुकाट्याने वापरता. म्हणून यंदाच्या वर्गासाठी आम्ही जगातील गरिबी, विकास आणि संगणक यांवरची तीन इंग्रजी पुस्तके निवडली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, शब्दकोश शेजारी घेऊनच बसावे लागले. पण वेळ वाया गेला नाही.

पहिले पुस्तक केंटारो तोयामा यांचे 'गीक हेरसी', २०१५ सालचे. हे गृहस्थ संगणकशास्त्रज्ञ. बंगळूरला मायक्रोसॉफ्टची संशोधन संस्था उभारण्यात त्यांचा वाटा होता आणि खेड्यांत, शाळांत संगणक नेण्याचे प्रयोग त्यांनी स्वतः केले. त्यांचा निष्कर्ष असा की, यंत्र माणसाची मुळातली इच्छा आणि कुवत वाढवते. जे नाही ते निर्माण करत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, वक्त्याजवळ मुद्दाच नसेल तर लाउडस्पीकर तो पुरवत नाही.

याचे उदाहरण आपल्या कोल्हापूर-सांगलीकडेच आहे. १९९८ साली वारणा परिसरातील ७० गावांत संगणक बसवण्याची योजना आली. शेतीची माहिती, वैद्यकीय सल्ला, असे पुष्कळ काही त्यातून मिळणार होते. प्रत्यक्षात चालले ते ऊस आणि खतांचे हिशेब. पुढे तोयामांच्याच संस्थेतील संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साधे मोबाइल देऊन पाहिले, तर तेच काम संदेशांवर भागले. साखर कारखाना आणि सहकारी संस्था तिथे आधीच उभ्या होत्या, म्हणून हिशेब चालला. डॉक्टर तारेतून येत नाही.

दुसरे पुस्तक अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचे 'पुअर इकॉनॉमिक्स' (२०११). या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. उदयपूर भागात लसीकरणाची नियमित शिबिरे भरली आणि आईला किलोभर डाळ मिळाली, तेव्हा पूर्ण लसी घेतलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा ३८ झाले. जिथे यांतले काहीच नव्हते तिथे ते ६ होते. गरिबाला अडाणी न समजता त्याची अडचण समजून घ्यावी, हा या पुस्तकाचा गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण डुफ्लोबाईंच्या त्याच भागातील दुसऱ्या एका संशोधनावर आमचा आक्षेप आहे. एकशिक्षकी शाळांतील गुरुजींना कॅमेरा दिला. सकाळ-संध्याकाळ मुलांसह फोटो काढायचा, त्यावर पगार ठरायचा. गैरहजेरी शेकडा ४२ वरून २१ वर आली, मुलांचाही फायदा झाला. ठीक. पण त्या गुरुजींचा पगार महिना हजार रुपयांच्या आसपास होता! कॅमेऱ्याचा प्रयोग झाला, तसा पगारवाढीचाही करून पाहायला हवा होता. पुढे १ जानेवारी २०२३ पासून देशभर रोजगार हमीच्या कामांवरही दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटोची हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क नाही म्हणून दिवसभर राबूनही हजेरी बुडाली, अशा तक्रारी गावोगावच्या मजुरांनी केल्या.

तिसरे पुस्तक तुम्ही सर्वांनी मुळातून समजून घ्यावे असे आहे : व्हर्जिनिया यूबँक्स यांचे 'ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी' (२०१८). अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००६ साली गरिबांच्या मदतीचे अर्ज तपासण्याचे काम आयबीएम आणि इतर कंपन्यांना दिले. आधी प्रत्येक कुटुंबाचे प्रकरण एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे असे. त्याला घरची परिस्थिती ठाऊक, चुकलेला कागद तो मागून घेई. नव्या पद्धतीत सुमारे दीड हजार सरकारी कर्मचारी खासगी कॉल सेंटरमध्ये गेले. प्रकरण कुणा एकाचे राहिले नाही. फोन कराल तेव्हा नवा माणूस. एखादी सही राहिली तरी 'सहकार्य केले नाही' असा शेरा मारून अर्ज बाद. तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक नकार गेले, आधीच्या तीन वर्षांपेक्षा शेकडा ५४ जास्त. २००९ साली राज्याला करार रद्द करावा लागला. तोवर औषधाविना आणि अन्नाविना राहिलेल्यांचे जे व्हायचे ते झाले.

आता आपल्याकडे या. १९८५-८६ साली दिल्लीत आरक्षणाला संगणक लागला. मोठमोठ्या रजिस्टरांतून सुटका झाली, एकाच खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. हे चांगलेच झाले, आणि ज्यांनी ती रजिस्टरे ओढली आहेत ते तर हे आधी सांगतील. पण तेव्हा संगणकामागे खिडकी होती आणि खिडकीत माणूस होता. तत्काळचे तिकीट घरबसल्या निघू लागले तेव्हा ज्याचे इंटरनेट वेगवान त्याला आधी, दलालाच्या सॉफ्टवेअरला त्याच्याही आधी, आणि दरभंग्याला निघालेला मजूर रांगेतच. टपालातही तेच. शाखा डाकघरात हातयंत्र आले हे उत्तम. पण म्हातारीचा अंगठा उमटेना तेव्हा पैसे द्यायचे की परत पाठवायचे, हे ठरवण्याचा अधिकार डाकसेवकाकडे किती उरला?

म्हणून यंत्र हवे की नको, हा वाद आता आम्ही घालत नाही. यंत्र अडले तर निर्णय कोण घेणार, त्याचे नाव फलकावर असावे आणि ती जागा भरलेली असावी, ही मागणी आम्ही मांडत आहोत. प्रशासन पुरावा मागणार. तेव्हा पुढच्या वर्गाला येताना आपल्या खिडकीवरून महिनाभरात यंत्रामुळे किती जण रिकाम्या हाती परतले आणि कोणत्या कारणाने, याची तारीखवार नोंद प्रत्येक शाखेने वहीत लिहून आणावी.