शेवंतीचं झाड उपटू नका

मार्गशीर्षातले गुरुवार झाले, संक्रांतीची हळदीकुंकवंही उरकत आली. आता दारातल्या शेवंतीकडे बघवत नाही. फुलं तपकिरी पडली, खालची पानं वाळली, फांद्यांच्या काड्या झाल्या. मग आपण कुंडी रिकामी करतो आणि झाड उकिरड्यावर टाकतो. आज आम्ही सांगायला आलोय की ते झाड मेलेलं नाही.

शेवंती काही एका हंगामाचं झाड नाही. वरचा भाग वाळला तरी मूळ जिवंत राहतं. बर्फ पडणाऱ्या मुलखातही शेवंतीच्या काटक जाती अशाच वरून वाळतात आणि थंडी सरली की बुडातून फुटतात. आपल्याकडे तर थंडी त्यामानाने सौम्य.

फुलं संपली की स्वच्छ कात्रीने झाड जमिनीपासून अर्धी वीत ठेवून छाटायचं. वाळकी पानं वेचून टाकायची. खुरप्याने वरची माती हलकी करून ओंजळभर कुजलेलं शेणखत घालायचं आणि कुंडी उन्हात ठेवायची. पाणी मात्र बेतानं. छाटलेल्या झाडाला पानं नसतात, त्याची तहान कमी असते. मातीत बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. या दिवसांत झाडं थंडीपेक्षा जास्त पाण्यानं कुजून जातात.

फेब्रुवारी-मार्चात बुंध्याभोवती कोवळे कोंब येतात. त्यांनाच आपण काश्या म्हणतो. त्या मुळांसकट अलगद सोडवून पिशवीत किंवा लहान कुंडीत लावायच्या. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्यायची, पावसाळ्यात बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही. रोप जोमात आलं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या वाढतात. आणि एक लक्षात ठेवा, दिवस लहान होऊन रात्र मोठी झाली की शेवंती कळ्या धरते. म्हणून दिवाळीआधी कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका.

नवं रोप विकत मिळतं, मग एवढी खटपट कशाला, असं कुणी विचारेल. पैसे वाचतात हे तर आहेच. पण तुमच्या दारातली शेवंती सासूबाईंनी लावलेली असेल, किंवा तुम्ही माहेराहून आणलेली असेल. बी पेरून तेच फूल, तोच रंग येईल याचा भरवसा नसतो. ती जात पुढे जाते काशीतून. झाड टाकलं की तीही गेली, आणि बाजारात ती मिळेलच असं नाही.

छाटलेली कुंडी काही दिवस ओकीबोकी दिसेल. घरातलं कुणी हसेलही. हसू द्या. काश्या फुटल्या की दोन आपल्याला ठेवा आणि एक शेजारणीला द्या. आपली गेलीच, तर तिच्याकडून परत आणता येईल.