गाडीवाले गुरुजी



आज मला एका मित्राविषयी बोलायचे आहे. त्यांचे नाव सांगत नाही. सभेत कुणी त्यांचे नाव घेतले की ते उठून बाहेर जात, तेव्हा रेडिओवरून घेतलेले त्यांना मुळीच रुचले नसते. गावात त्यांना गाडीवाले गुरुजी म्हणत, आणि तेवढे पुरे आहे.

गाव अमडापूर. बुलढाणा जिल्हा, तालुका चिखली. बल्लाळदेवीमुळे अनेकांना ठाऊक आहे. या गावाला रेल्वे नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगावावरून मुंबई-नागपूरचा मोठा रस्ता जातो. जलंबहून खामगावला 1870 साली एक लहानसा फाटा आला, तो कापसासाठी. खामगावची कापसाची पेठ त्या काळी फार मोठी होती. फाटा खामगावला येऊन थांबला तो आजतागायत थांबलेलाच आहे. खामगावहून चिखली, देऊळगाव राजा असे करीत जालन्याला रूळ न्यावेत, ही मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे. दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक मार्ग. मोजण्या झाल्या, आश्वासने झाली, मोर्चे झाले. रूळ काही पडले नाहीत.

अशा गावात एका चित्रकलेच्या शिक्षकाने आगगाडी चालवली. टेबलावर.

त्यांना हा नाद लागला पुण्याला. एका लग्नासाठी गेले होते. दुपारी वेळ होता म्हणून कुणी त्यांना कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर नेले. तिथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते 1998 साली लोकांसाठी खुले झाले. एका दालनात सबंध शहर मांडले आहे. उड्डाणपूल आहेत, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, सिग्नल आहेत, आणि या सगळ्यामधून गाड्या धावतात. मग दिवे मंद होतात, शहरात रात्र होते, घराघरांत इवले इवले दिवे लागतात. गुरुजींनी लागोपाठ तीन खेळ पाहिले. लग्नातले जेवण हुकले. पुढे कितीतरी वर्षे ते मला सांगत, "प्रोफेसर, तो माणूस हौसेपायी एवढं करतो, आणि दार लावून एकटा पाहत बसत नाही. सगळ्यांना दाखवतो. माझं लक्ष त्या दाराकडे होतं." जोशींशी त्यांचा परिचय नव्हता, पण घरी भिंतीवर त्या संग्रहालयाचे तिकीट चिकटवलेले होते, आणि ते 'आमचे भाऊसाहेब' असेच म्हणत.

गावी आल्यावर कामाला लागले. विलायतेत या छंदाचे सगळे साहित्य तयार मिळते. जर्मनीतल्या मेर्कलिनने 1891 मध्ये रुळांची ठरावीक मापे घालून दिली, इंग्लंडात हॉर्नबीने 1920 मध्ये किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या. पण त्या गाड्यांची किंमत आणि मास्तरांचा पगार यांचे गणित जुळणारे नव्हते. मग तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलीचे आरे, मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर, आगपेटीच्या काड्यांचे स्लीपर. झाडे भुशाला रंग देऊन केलेली. स्टेशनची इमारत ज्वारीच्या धांड्यांची, ज्यांची आपली पोरे बैलगाडी करतात.

आता मापाची एक गंमत सांगतो. ती गणिताच्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल. या छंदात जगभर जास्त चालणारे माप आहे सत्त्याऐंशीस एक. त्याचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोपातल्या रुळांवरून घेतलेले. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे आपली गाडी त्या तयार रुळांवर ठेवली की ती खोटी दिसते, मोठ्या माणसाला लहान जोडे घातल्यासारखी. ही गोष्ट त्यांच्या सातवीतल्या एका मुलीने भागाकार करून शोधली. गुरुजींनी त्या दिवशी वर्गात पेढे वाटले, आणि घरी जाऊन पहिले सगळे रूळ उपटून टाकले. दोन महिन्यांचे काम! मी म्हटले, "अहो, कुणाच्या लक्षात येणार आहे?" तर म्हणाले, "तिच्या आलं ना."

त्याच मुलीने पुढे शकुंतलेचे गणित केले. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही वऱ्हाडातली आपली छोटी गाडी 762 मिलिमीटरच्या रुळांवर चाले. भागिले सत्त्याऐंशी, पावणेनऊ. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात. मग काय, शकुंतला झाली! शकुंतलेचे वाफेचे इंजिन 1994 मध्ये बंद झाले, मागून गाडीही थांबली. अमडापूरच्या टेबलावर मात्र ती काळ्या इंजिनासकट धावत होती.

गुरुजींचा एक प्रयोग तर कोणत्याही शाळेत करता येईल. चहाचे दोन कागदी पेले घ्यावेत, तोंडाला तोंड लावून चिकटवावेत. दोन लांब काठ्या समांतर धरून थोड्या उतरत्या ठेवाव्यात आणि ही जोडी वरून सोडावी. ती डुलत डुलत सरळ खाली येते, पडत नाही. आता पेले बुडाला बूड लावून चिकटवा. लगेच घसरून पडतील. आगगाडीचे चाक असेच आतल्या बाजूला किंचित जाड असते, म्हणून वळणावर बाहेरचे चाक मोठ्या घेरावर चालते, आतले लहान घेरावर, आणि गाडी वळते. चाकाची कड असते ती सांभाळायला. रोजचे काम हा उतारच करतो. मी एम. ए. झालेला माणूस, मला हे चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. रेल्वेच्या मागणीसाठी एकदा गावात सभा होती. मी वक्ता होतो. टाळ्या मिळत होत्या, आणि टाळ्या मिळू लागल्या की माणूस वाहवतो. मी म्हणून गेलो, "खेळण्यातल्या गाडीवर समाधान मानणाऱ्यांच्या गावाला खरी गाडी कोण देणार?" लोक हसले. गुरुजी तिसऱ्या रांगेत बसले होते. तेही हसले, पण खाली पाहून.

आठ दिवसांनी ते घरी आले. मी माफीची भाषा सुरू करणार, तोच त्यांनी पिशवीतून एक लाकडी बैल काढला. लहान मुले तान्ह्या पोळ्याला मिरवतात तसला. म्हणाले, "हा लाकडाचा बैल घेऊन पोरगं दारोदार जातं, आपण त्याला पैसे देतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की आता तू खरा बैल मागू नकोस. मग माझ्याच गाडीनं असं काय केलं?" मला उत्तर सुचले नाही. चहा घेऊन ते गेले. बैल ठेवून गेले.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. माझ्याकडे डाख देण्याचे काम असे. वीस-पंचवीस पोरे जमत. कुणी सिग्नलवर, कुणी सांध्यावर, एक जण गार्ड. चूक झाली की गाडी थांबे, आणि का थांबली ते चूक करणाऱ्यानेच सांगायचे, हा नियम. रागावणे नाही. कधी देवीच्या दर्शनाला आलेली माणसेही डोकावत.

टेबलावर खामगावच्या पुढे 'अमडापूर' अशी पाटी होती. एकदा एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ ती न्याहाळत उभे होते. मग विचारले, "गुर्जी, हे गाडी थांबते का आपल्या गावाले?" गुरुजींनी गाडी थांबवून दाखवली. म्हातारबा म्हणाले, "माह्या बापानं मोजणीवाल्यायले पाणी पाजलं होतं. तो म्हने, रूळ येईन." आणि मग खिशातून दहाची नोट काढून पाटीपाशी ठेवली. "खामगावचं एक द्या." पोरे हसू लागली. गुरुजींनी डोळे वटारले, तेवढे एकदाच मी पाहिले. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावर अमडापूर ते खामगाव असे लिहिले, तारीख घातली आणि आठ रुपये परत दिले. दोन रुपये भाडे त्यांनी कसे ठरवले, कुणास ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गुरुजी गेले. आजार थोड्या दिवसांचाच. शेवटी भेटलो तेव्हा शकुंतलेचे मागचे चाक घासते, एवढेच सांगत होते. अंत्ययात्रेत गावाबाहेर गेलेली कितीतरी पोरे दिसली. भागाकार करणारी ती मुलगी आता इंजिनिअर आहे. ती पुण्याहून रात्रीच्या बसने आली होती. स्मशानातून परतल्यावर ती थेट त्यांच्या घरी गेली आणि टेबलावरची चादर काढून चाक पाहू लागली. गुरुजींच्या पत्नीने दिवा आणून धरला.

टेबल अजून तिथेच आहे. रविवारी पोरे येतात. पूर्वीपेक्षा कमी, पण येतात. घरच्यांनी दार उघडे ठेवले आहे. चाक मात्र पुन्हा घासू लागले आहे, असा परवा निरोप आला. मला जायला हवे. गुरुजींची सोल्डरगन माझ्याकडेच आहे. मागच्या खेपेला आणलेली, परत द्यायची राहून गेली.