कंदिलात काय जळतं?

चीनमध्ये चांद्रवर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला कंदिलांचा सण असतो. कागदी कंदिलांवर कोडी लिहितात, लोक ती सोडवत हिंडतात, तांदळाच्या पिठाचे गोड गोळे खातात. आपल्या आकाशकंदिलाशी हे साम्य पाहून कुणी म्हणतं, हा आपला नव्हेच. कंदील हा शब्द अरबीतून आला, हे खरं. पण आश्विन-कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा टांगायची आपली चाल जुनी आहे; शब्द बाहेरचा म्हणून दिवा परका होत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे: कंदील कोण घडवतं, आणि त्यात काय जळतं?

हा प्रश्न वर्ध्याने फार पूर्वी हाती घेतला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली, वर्ध्यातल्या मगनवाडीत हातकागदाला बळ दिलं, तेलघाणी सुधारली आणि रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ पुढे आणला. हे सोपं नव्हतं. असं तेल दाट; वातीतून रॉकेलसारखं वर चढत नाही, म्हणून दिव्याची रचनाच बदलावी लागते. आता वीज असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. आत बल्ब खुशाल राहू दे. भोवतीचा कागद आणि कामट्या तरी गावच्याच हातांनी जोडता येतील. प्लॅस्टिक टिकतं, हाही मुद्दा मांडतात. पण आकाशकंदील दरवर्षी नवा करायचा, आणि कामट्या तासणं, खळ शिजवणं मुलं तो करता करताच शिकतात.