डोळ्यांपुढून न हलणारे चित्र

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अकोला येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस पत्र धाडले तेव्हा ‘शिक्षणाविषयी काही बोलावे’ अशी सूचना केली होती. ३८ वर्षे खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावयाची! परंतु गेले वर्षभर एक निराळाच विषय आमच्या मनात घोळत आहे, आणि तो बोलून दाखविण्यास आपल्या माणसांइतके योग्य स्थान दुसरे नाही असे वाटल्यावरून आम्ही त्यांच्या अनुमतीने विषय बदलून घेतला. आम्ही मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. वैद्यकाचा आम्हांस गंध नाही. जे सांगणार आहोत ते वाचून, जाणत्यांना विचारून व घरातील एका माणसाच्या अनुभवावरून सांगणार आहोत. त्यात काही अधिकउणे झाल्यास जबाबदारी आमची.

प्रथम आमचा एक अपराध सांगतो.

दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही सहाव्या वर्गावर होतो. शाळेच्या पाठीमागे कपाशीचे शेत होते. वर्गाच्या खिडक्यांना गज होते, तावदाने नव्हती. पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की औषधाचा उग्र वास थेट वर्गात येई. वर्गातील एक मुलगा हा वास येताच दप्तर टाकून धावत सुटे आणि ओट्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घालून बसे. हाका मारल्या तरी त्यास ऐकू येत नसत. अंग थरथर कापे. आम्ही त्यास दोन वेळा छडी मारली व एकदा साऱ्या वर्गासमोर अंगठे धरून उभे केले. त्या मुलाचा बाप आदल्या वर्षी फवारणीचे औषध पिऊन वारला होता आणि गोठ्यात त्यास प्रथम पाहणारा हाच मुलगा होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. साऱ्या गावास ठाऊक होते. परंतु या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मास्तर म्हणविणाऱ्या आमच्या ध्यानात आले नाही. बापास जाऊन वर्ष लोटले, पोर खाते, खेळते, पाढे म्हणते. मग आता हे सोंग कशासाठी, असेच आम्हांस वाटले.

ते सोंग नव्हते, हे कळण्यास आम्हांस पंचवीस वर्षे लागली.

मनुष्याच्या आयुष्यात दुःखाचे प्रसंग येतात, आणि बहुतेकांची मने काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपोआप सावरतात. रडणाऱ्या प्रत्येकास रोगी ठरवू नये, असेच जाणते सांगतात. परंतु काहींच्या बाबतीत तसे घडत नाही. आपल्या कापसाच्या मुलखातलाच दृष्टांत घेऊ. वेचून आणलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. मग त्या रुईची गाठ बांधून ती वखारीत ठेवता येते. साधी आठवण अशी असते. ती राहते, पण टोचत नाही. भयंकर प्रसंगाची आठवण कित्येकदा सरकीसकट तशीच पडून राहते. त्या क्षणीचा वास, आवाज, छातीतील धडधड, ‘आता मी मरणार’ किंवा ‘हे माझ्यामुळे झाले’ हा विचार, सारे एकत्र गुंतलेले असते. पुढे त्यातील एक धागा जरी ओढला गेला तरी संपूर्ण प्रसंग पुन्हा अंगावर कोसळतो. तो ‘आठवत’ नाही, तो ‘घडतो’. आमच्या त्या विद्यार्थ्यास वास आला की तो शाळेत नसे, गोठ्याच्या दारात उभा असे.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांत असे हजारो आढळले. त्यांस कोणी भेकड म्हटले, कोणी कामचुकार. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये या विकारास स्वतंत्र नाव देऊन आपल्या अधिकृत यादीत घातले. महिन्याहून अधिक काळ अशी लक्षणे टिकून राहिली व त्यांनी नित्याचे जीवन विस्कटून टाकले, तर तो विकार समजावा, असा साधारण नियम आहे.

आता उपचाराकडे वळू. १९८७ साली फ्रान्सिन शपिरो नामक अमेरिकन विदुषी एका बागेत फिरत असता त्यांच्या ध्यानात आले की, मनास त्रास देणारा विचार आला असता आपले डोळे आपोआप इकडून तिकडे वेगाने हलत आहेत व त्यानंतर त्या विचाराची धार बोथट झाली आहे. अशा गोष्टी अनेकांच्या बाबतीत घडत असतील. बाई चौकस म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. १९८९ मध्ये त्यांनी २२ व्यक्तींवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुढे या पद्धतीस आठ टप्प्यांची शिस्त लावली. २०१९ मध्ये त्या वारल्या. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस ई.एम.डी.आर. म्हणतात. मराठीत आम्ही तिला नेत्रचलनोपचार म्हणू. याहून बरा शब्द कोणी सुचविल्यास स्वीकारू.

हा उपचार प्रत्यक्षात कसा होतो, ते आमच्या पुतण्याकडून आम्ही खोदून खोदून विचारून घेतले. २०१९ च्या हिवाळ्यात तो मित्राच्या बहिणीचे लग्न आटोपून रात्री अकोल्याहून अमरावतीस परत येत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरून येणाऱ्या मालमोटारीशी त्याच्या गाडीची टक्कर झाली. शेजारी बसलेला मित्र रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेला. पुतण्याचा एक हात मोडला. तो तीन महिन्यांत सांधला. बाकीचे सांधले नाही. रात्री दिवा मालवू देत नसे. समोरून गाडीचा उजेड आला की घामाने न्हाऊन निघे. त्या रस्त्याने जाणे त्याने सोडले. अकोल्यास यावयाचे झाल्यास बडनेऱ्याहून आगगाडीने येई आणि मूर्तिजापूर स्थानक गेल्यावरच डोळे उघडी. घरातील वडील मंडळी, त्यात आम्हीही, ‘झाले ते विसरून जा’ असा उपदेश करीत होतो. एका नातलगाने अंगारा आणला, दुसऱ्याने ‘लग्न करा, सुधारेल’ असे सुचविले. पुढे पुण्यास नोकरी लागल्यावर त्यास या उपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एक मानसशास्त्रज्ञ बाई भेटल्या.

पहिल्या दोन बैठकांत त्यांनी डोळ्यांचे नावही काढले नाही. सगळी हकीकत विचारली, झोप, आहार, घरची माणसे यांची चौकशी केली. मग मनातल्या मनात एक निर्धास्त जागा शोधावयास सांगितली. घाबरे झाले तर तेथे परत यावयाचे. पुतण्याने आमच्या वडिलांच्या मळ्यातील संत्र्याचे एक झाड निवडले. हे ऐकून आम्हांस गहिवरून आले, कारण ते झाड आता नाही. तिसऱ्या बैठकीत बाईंनी विचारले, त्या रात्रीचे सर्वांत वाईट चित्र कोणते? त्या चित्राबरोबर स्वतःविषयी काय वाटते? तो म्हणाला, ‘मीच त्याला पुढे बसविले. मी मारले त्याला.’ त्रास शून्य ते दहा या मापात किती? नऊ. मग ते चित्र मनात धरून बाईंच्या दोन बोटांकडे पाहावयाचे. बोटे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात, आणि मान न हलविता केवळ डोळ्यांनी त्यांचा पाठलाग करावयाचा. सुमारे अर्धा मिनिट. मग थांबून दीर्घ श्वास, आणि एकच प्रश्न: ‘आता काय दिसते?’ जे दिसेल ते सांगावयाचे, पुन्हा बोटांकडे पाहावयाचे. काही चिकित्सक बोटांऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने थोपटतात किंवा कानांत आळीपाळीने नाद ऐकवितात.

हे संमोहन नव्हे. मनुष्य पूर्ण जागा असतो, वाटेल तेव्हा हात वर करून थांबवू शकतो. प्रथम चित्र अधिकच भडक झाले व तो हुंदके देऊन रडला. नंतरच्या एका बैठकीत, जे तो साफ विसरला होता ते वर आले: पुढे बसण्याचा हट्ट मित्रानेच धरला होता, आणि मदत येईपर्यंत याने मोडक्या हाताने त्याचे डोके मांडीवर धरून ठेविले होते. आठव्या बैठकीअखेर नवाचा एक झाला. शून्य झाला नाही. ‘मी मारले’ याच्या जागी ‘मला शक्य होते ते मी केले’ हे वाक्य आले. अखेरच्या दोन बैठकांत त्या रस्त्याने आपण स्वतः गाडी चालवीत जात आहोत, असे चित्र डोळ्यांपुढे आणविले. मित्र गेल्याचे दुःख आजही आहे. ते कोणी काढून घेतले नाही आणि काढून घेऊही नये.

एवढ्याने हुरळून जाणे मास्तरास शोभत नाही. डोळे हलविल्याने नेमके काय होते, याविषयी पंडितांत आजही मतभेद आहेत. कित्येकांचे म्हणणे असे की, विश्वासू माणसासमोर बसून त्या भयंकर प्रसंगाकडे थोडेथोडे पाहणे हेच खरे औषध. बोटे म्हणजे वरची कल्हई. दुसरा पक्ष पाटीचा दृष्टांत आठवावा असा विचार मांडतो. मनाची तात्कालिक पाटी लहान असते. तिच्यावर चित्र असताना त्याच वेळी डोळ्यांना दुसरे काम दिले की दोन्हींना जागा पुरत नाही, चित्र फिके पडते, आणि फिके झालेलेच पुन्हा जपून ठेविले जाते. आम्हांस ही उपपत्ती पटते. परंतु आमच्या पटण्यास काय किंमत! जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१३ च्या आपल्या मार्गदर्शनात, या विकारासाठी मुलांना व प्रौढांना जे उपचार सुचविले त्यांत विचार व वर्तन सुधारणाऱ्या एका पद्धतीच्या जोडीने याही उपचाराचा समावेश केला, एवढे निश्चित आहे. मोबाइलवरील चित्रफीत पाहून घरच्या घरी कोणी कोणापुढे बोटे नाचवू नयेत. जखमेचे तोंड उघडल्यावर ती धुणारा हात शिकलेला हवा. चालू असलेली औषधेही डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत.

२००१ च्या जानेवारीत भुजला भूकंप झाला, त्यानंतर या उपचाराचे शिक्षण देणारी परदेशी मंडळी गुजरातेत येऊन गेली. महाराष्ट्रातील शिकलेले चिकित्सक बहुधा मुंबई-पुण्याकडे मिळतात. मग वऱ्हाडातल्या खेड्यातील विधवेने काय करावे? येथे आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालविण्यात आला. तेथे नेत्रचलनोपचार नव्हता, आणि विषय होता उदासीनतेचा विकार. गावातल्याच माणसांस शिकवून घरोघर धाडले, त्यांनी बसून ऐकले, गरज पडेल त्यास डॉक्टरांपर्यंत पोचविले. त्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी मदतीसाठी कोणाकडे तरी जाणारे आरंभी शेकडा ४.३ होते, दीड वर्षाने ते शेकडा २७.२ झाले. हा वृत्तांत २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे आपला वऱ्हाडी माणूस बोलत नाही हे खरे नाही. त्यास विचारणारा कोणी नसतो. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, तेथे मराठीतून बोलता येते व विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक चिटणीसांनी स्मरणिकेत ठळक अक्षरांत छापावा, अशी विनंती आहे.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या ज्ञातीत अशा गोष्टी लपविल्या जातात, आणि त्या का लपविल्या जातात हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ‘मुलगा मानसोपचार घेत होता’ असे बाहेर पडले की सोयरीक मोडते. मुलीच्या बाबतीत तर विचारूच नका. ज्या अमरावतीत १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी महारोग्यांसाठी तपोवन उभारले, तेथील आपण लोक! त्या काळी घरोघर महारोगी माडीवर कोंडून ठेवीत व बाहेर ‘गावी गेला आहे’ म्हणून सांगत. आज आपण मनाच्या जखमेस तेच करतो. आमच्या पुतण्याचे नाव याच स्मरणिकेच्या वधूवर-सूचीत आहे. आज आम्ही काय बोलणार हे कळल्यावर आमच्या बंधूंनी काल रात्री दोनदा फोन केला, ‘दादा, यंदा नको, लग्न ठरू द्या.’ बापाचे मन आम्ही जाणतो. आम्ही भाषण घडी करून ठेविले होते. पुतण्याने ते स्वतः काढून आमच्या खिशात घातले व म्हणाला, ‘काका, ज्यांना नको असेल त्यांनी आताच नको म्हणावे. तेवढाच माझा वेळ वाचेल.’

आमचा तो विद्यार्थी चार वर्षांपूर्वी मूर्तिजापूरच्या एका लग्नात भेटला. आता तो चाळिशीला टेकला आहे, किराणा दुकान चालवितो. शेती विकली. आम्ही त्यास बाजूला नेऊन छडीची आठवण काढली व क्षमा मागितली. त्याने वाकून पाया पडून सांगितले, ‘गुरुजी, तुमचा मार मला आठवतच नाही.’ मग थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘वास मात्र अजून येतो.’ त्यास आम्ही पुण्याच्या त्या बाईंचा पत्ता दिला आहे. तो गेला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही, विचारावयास हवे.

आज सकाळी आम्ही अमरावतीहून येथे आलो ते पुतण्याच्याच गाडीने. हा रस्ता आता चांगला झाला आहे; २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदविला गेला, हे आपणांस आठवत असेल. मूर्तिजापूर सोडल्यावर त्या ठिकाणी त्याने गाडी कडेला घेतली. आम्ही काही बोललो नाही. तो खाली उतरला, रस्त्याकडे पाहत मिनिटभर उभा राहिला, पाण्याच्या बाटलीतील थोडे पाणी बाभळीच्या बुडाशी ओतले आणि परत येऊन म्हणाला, ‘काका, चहा घ्यायचा का पुढे?’ आम्ही घेतला. मेळाव्यास पंधरा मिनिटे उशीर झाला त्याचे कारण हे. त्याबद्दल अध्यक्षमहाराजांनी क्षमा करावी.